गवतपड जमिनींतील कांस : ओळख व स्थान

महसूल खात्यांत कारकून म्हणून नोकरी करीत असतां सातबाराच्या उताऱ्यावर जो एक शब्द मीं हजारों वेळां वाचला, तो म्हणजे "गवतपड". पीकपाहणीच्या वेळीं शेतांत पुरुषभर उंच गवत डुलत असतें आणि रकान्यांत हा एक शब्द लिहिला जातो. कागदाचें काम त्यानें भागतें. शेतकऱ्याचें मात्र भागत नाहीं. जमीन पिकाखालीं नाहीं एवढेंच त्यावरून कळतें. तिच्यावर कोणतें गवत आहे, तें किती खोल गेलें आहे, तें काढण्यास एक उन्हाळा पुरेल कीं तीन वर्षें लागतील, आणि तें गुरांस चारावें कीं नाहीं, यांपैकीं कांहींच त्या शब्दांत नसतें.

सेवानिवृत्तीनंतर मी वडिलोपार्जित शेत स्वतः पाहूं लागलों, तेव्हां ह्या अज्ञानापायीं माझा एक चांगला बैल गेला. तो प्रसंग पुढें योग्य स्थळीं सांगेन. प्रस्तुत लेखक कृषिशास्त्राचा पदवीधर नव्हे. मराठी शाळेंत शिकलेला, व पुढें बांधावर उभें राहून आणि हातांत कुदळ घेऊन जें कळलें तें सांगणारा एक कास्तकार आहे. आपल्या भागांत पडीक जमिनींवर दिसणाऱ्या उंच व बहुवर्षायु गवतांपैकीं मुख्य जें कांस, त्याची नीट ओळख करून देणें हा ह्या लेखाचा हेतु आहे.

१. नांव व स्वरूप

संस्कृतांत ह्या गवतास काश म्हणतात. आपल्याकडे कोठें कांस, कोठें कसाड, कोठें बगरे अशीं नांवें ऐकूं येतात. वनस्पतिशास्त्रांत त्याचें नांव सॅकॅरम स्पॉन्टेनियम असें आहे. सॅकॅरम हें उसाच्याच वंशाचें नांव असल्यामुळें कांस हा उसाचा रानटी भाऊबंद होय, हें प्रथम ध्यानांत ठेवावें. शरद्ऋतूचें वर्णन करतांना संस्कृत कवींनीं काशपुष्पांचें फार कौतुक केलें आहे. नदीकांठ पांढऱ्या तुऱ्यांनीं भरून गेलेला पाहिला म्हणजे तें कौतुक खोटें वाटत नाहीं. पण तेच तुरे आपल्या शेतांत डुलूं लागले म्हणजे कवीची दृष्टि बाजूस ठेवून कुदळ शोधावी लागते.

हें गवत एकदां लागलें कीं वर्षानुवर्षें टिकतें. उन्हाळ्यांत वरचा भाग वाळतो, जाळला तर जळूनही जातो. परंतु जमिनीखालचा भाग जिवंत राहतो व पहिल्या पावसाबरोबर, कित्येकदां त्यापूर्वींच, पुन्हां कोंब टाकतो. जमिनीखालच्या ह्या भागास आपले शेतकरी हरळीप्रमाणेंच "काशा" म्हणतात. काशा म्हणजे मुळ्या नव्हेत. तें जमिनींत आडवें वाढणारें खोडच आहे. त्यास पेरें असतात, आणि पेऱ्यापेऱ्यास डोळा असतो. उसाचें बेणें तोडून लावलें असतां प्रत्येक डोळ्यापासून जसा ऊस फुटतो, तसाच तुटलेल्या काशीच्या प्रत्येक तुकड्यापासून नवा कांस फुटूं शकतो. कांसाविषयींचें सर्व ज्ञान ह्या एका गोष्टीवर उभें आहे.

२. ओळखण्याच्या चार खुणा

पहिली खूण पात्याची. कांसाचें पातें लांब, दोनतीन फुटांपर्यंतही जातें. परंतु रुंदीस तें बोटाहून कमी भरतें. मधली शीर पांढरी व ठळक असते, आणि पात्याच्या बुडाशीं तर कधीं कधीं शिरेखेरीज फारसें कांहीं उरत नाहीं. कडा करवतीसारख्या खरखरीत असतात. पातें उलट्या बाजूनें ओढल्यास बोट कापतें.

दुसरी खूण काडीची. काडी बारीक, टणक व पेरेदार असते. उंची जमिनीप्रमाणें बदलते. हलक्या व कोरड्या जागीं ती कमरेएवढी राहते, तर खोल व ओलसर जागीं आठदहा फूटही होते. केवळ उंचीवरून कोणत्याही गवताची परीक्षा करूं नये, हें यावरून दिसून येईल.

तिसरी खूण तुऱ्याची. भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत कांस तुरा टाकतो. तुरा हातभर लांब, फांद्याफांद्यांचा, रुपेरी पांढरा व रेशमासारखा मऊ असतो. दाण्याभोंवतीं दाण्याहून लांब अशी पांढरी लव असते, आणि दाण्यास कुसळ नसतें. तुऱ्याच्या लगत खालीं काडीवरही बारीक लव असते. ती बोटानें चाचपून पाहावी. तुरा पिकला कीं तो सांध्यासांध्यांवर मोडतो व लवेसह बीं वाऱ्यावर उडून जातें.

चौथी व सर्वांत खात्रीची खूण जमिनीखालीं आहे. गवताच्या कडेस दीड फूट खोल खड्डा खणावा. कांस असेल तर बारीक, कठीण व खवल्यांनीं झांकलेल्या काशा थराथरानें खालीं गेलेल्या आढळतात. त्यांचें दाट जाळें सामान्यतः फूटभर खोलीच्या आसपास असतें. काळ्या खोल जमिनींत मुळ्या त्याहूनही पुष्कळ खालीं पोंचतात. म्हणजे बैलांच्या वखराची पास ज्या थरांत फिरते, त्याच्या खालींच कांसाचें खरें घर असतें. वखरानें वरचें गवत कापलें जातें, शेत महिनाभर स्वच्छ दिसतें, आणि पुढें पूर्ववत् होतें, याचें कारण हेंच.

३. सारखीं दिसणारीं गवतें

कांसाशीं घोटाळा होण्याजोगीं गवतें पुष्कळ आहेत. त्यांतील मुख्य येथें देतों.

दाभ. ह्याचा तुराही पांढरा व रेशमी असतो. परंतु दाभ बहुधा गुडघ्यापासून कमरेपर्यंतच उंच होतो, त्याचा तुरा फांद्यांचा नसून शेपटासारखा एकसलग व गोल असतो, आणि फुलोरा बहुतेक उन्हाळ्याच्या सुमारास येतो. शरदांत फुलतो तो कांस व उन्हाळ्यांत फुलतो तो दाभ, एवढें लक्षांत ठेवलें तरी पुष्कळ काम होतें.

मुंज किंवा शर. हा कांसाचाच जवळचा नातलग, पण मोठमोठे ठोंब करून वाढतो. ठोंब जागच्या जागीं फुगतो. कांसाप्रमाणें काशा सोडून दूरवर सरकत नाहीं. त्याचा खरा प्रदेश उत्तरेकडील रेताड व कोरडा होय.

नळ. पाणथळ जागीं, तलावाच्या व ओढ्याच्या कांठीं होतो. काडी पोकळ व जाड, पातें चांगलें रुंद, आणि पानें काडीच्या शेंड्यापर्यंत दोहों बाजूंस लागलेलीं. ह्या वर्गाच्या बारीक काड्यांचे बोरू करून जुने कारकून लिहीत असत. आमच्या धंद्याशीं ह्या गवताचें तेवढें नातें आहे.

कुंदा. काळ्या जमिनीचा हा जुना शत्रु सर्वांस ठाऊक आहेच. तो कांसाइतका उंच होत नाहीं. त्याच्या तुऱ्यास पांढरा पिसारा नसून काडीच्या टोकास बोटांसारख्या केसाळ मंजिऱ्या येतात. मात्र त्याच्याही काशा खोल जातात. म्हणून उपाय बहुतेक कांसासारखाच करावा लागतो.

बरू. ह्याचें शास्त्रीय नांव सॉर्घम हॅलेपेन्स. अमेरिकेंत त्यास जॉन्सन गवत म्हणतात. हा ज्वारीचा रानटी नातलग आहे. पातें ज्वारीसारखें, कांसाच्या दुप्पट किंवा त्याहून रुंद. मधली शीर ह्याचीही पांढरी, म्हणून तेवढ्या एका खुणेवर विसंबूं नये. तुरा मोकळा, पसरट, तांबूस-जांभळट छटेचा. त्यांत रेशमी लवेचा पिसारा मुळींच नसतो. काशा जाड, मांसल व पांढुरक्या असून बहुतेक नांगराच्या थरांतच असतात. ह्या गवताविषयीं अधिक लिहिणें अवश्य आहे.

४. बैल कसा गेला

माझ्या शेताची नाल्याकडील पट्टी मीं नोकरींत असतांना कित्येक वर्षें पडीक होती. उताऱ्यावर तेंच, "गवतपड". नाल्याच्या कांठीं कांस होता हें मला ठाऊक होतें, व कोंवळा कांस म्हशी व बैल खातात हेंही ठाऊक होतें. म्हणून त्या पट्टींतील सर्वच उंच गवतास मी कांस समजत असें. एका वर्षीं श्रावणांत तें मीं मजुरांकडून कापविलें. पुढें पावसानें ताण दिला. कापलेल्या बुडख्यांतून वीतभर हिरवे कोंब आले, आणि उन्हानें ते दुपारीं माना टाकूं लागले. वैरण वाचेल ह्या विचारानें मीं बैल त्यांत सोडला.

अर्ध्या घटकेंत बैल थरथरूं लागला, श्वास जोरानें चालूं लागला, तोंडास फेंस आला आणि तो खालीं बसला. पशुवैद्यक येईपर्यंत सर्व आटोपलें होतें. त्यांनीं पाहतांच सांगितलें कीं, ज्वारीच्या कोंवळ्या पोंग्यांनीं जशी किराळ लागते तशीच ही किराळ आहे. त्यांनींच मला कुदळ आणावयास लावली. वर आलेल्या काशा जाड, पांढऱ्या व हातानें मोडतील अशा होत्या. तो कांस नव्हता, बरू होता. कांस पट्टीच्या पलीकडील कडेस होता. मधला सर्व भाग बरूनें व्यापलेला होता. पाते हातांत घेऊन रुंदी पाहिली असती, किंवा आदल्या वर्षींचा तुरा आठवून पाहिला असता, तरी बैल वांचला असता.

बरूच्या कोंवळ्या फुटव्यांत, विशेषतः पाण्याचा ताण पडल्यावर, कोमेजल्यावर किंवा कापणीनंतर फुटलेल्या कोंबांत, असें द्रव्य असतें कीं ज्यापासून जनावराच्या पोटांत प्रुसिक आम्ल हें जहाल विष तयार होतें. कमरेएवढा वाढून फुलोऱ्यावर आलेला व नीट वाळविलेला बरू तितका घातक नसतो; तथापि ज्यास ओळखीची खात्री नाहीं त्यानें तो गुरांपुढें टाकूंच नये. विषबाधेची शंका येतांच जनावर तेथून हलवावें व पशुवैद्यकास ताबडतोब बोलवावें. सोडियम थायोसल्फेटसारखें औषध शिरेवाटे वेळेवर मिळाल्यास जनावर वांचूं शकतें; पण हा वेळ मिनिटांचा असतो.

५. कांस कोठें वाढतो

कांसास ऊन, ओल व मोकळी जागा ह्या तीन गोष्टी प्रिय आहेत. नदीच्या रेताड गाळांत तो प्रथम उगवतो. आपल्याकडे गोदावरी, वर्धा, वैनगंगा यांच्या कांठीं व लहान नाल्यांच्या पात्रांत तो दिसतो. कालव्याचे कांठ, रेल्वेचे व सडकेचे भराव, वीटभट्ट्यांचे खड्डे हींही त्याचीं ठिकाणें होत. दाट सावलींत तो टिकत नाहीं. म्हणून आंबराईखालीं कांस सहसा आढळत नाहीं.

शेतांत तो दोन वाटांनीं येतो. एक वाऱ्यावरून येणारें बीं. हें बीं बारीक व अल्पायुषी असतें. ओलसर व उघडी जमीन मिळाली तरच रुजतें. म्हणून नित्य कसल्या जाणाऱ्या शेतांत त्याचा निभाव लागत नाहीं. पण जमीन दोनतीन वर्षें पडीक राहिली म्हणजे त्यास संधि मिळते. दुसरी वाट बांधावरून सरकणाऱ्या काशांची. ही सावकाश पण खात्रीची असते. बांधावरचा कांस "बांध धरून ठेवतो" म्हणून आपण राखतों. तो बांधही धरतो आणि दरवर्षीं थोडें शेतही धरतो.

येथें एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. काळ्या जमिनींत कांस माजला म्हणजे ती जमीन निकस झाली असें पुष्कळजण समजतात, आणि मातीमोलानें विकून टाकतात. कचेरींत असे व्यवहार नोंदले जातांना मीं पाहिले आहेत. परंतु भरघोस कांस बहुधा खोल व ओल धरणाऱ्या जमिनींतच असतो. जमीन वाईट नसते. ती वहिवाटींतून सुटलेली असते. विकत घेणाराला हें कळत असतें, विकणाराला कळत नाहीं, एवढाच भेद.

६. सागर व बुंदेलखंड यांचा धडा

कांस काय करूं शकतो हें पाहावयाचें असेल तर बुंदेलखंड, सागर, दमोह ह्या प्रदेशांकडे पाहावें. सागरशीं आपला जुना संबंध आहे. पेशव्यांचे गोविंदपंत बुंदेले ह्यांच्या काळापासून तेथें मराठी कुटुंबें नांदत आली आहेत. तेथील काळी जमीन गव्हाची. १८९३ पासून कांहीं वर्षें अवेळीं पाऊस व तांबेरा यांनीं गहूं बुडाला. त्यावर १८९६-९७ व १८९९-१९०० हे दोन दुष्काळ आले. बैल मेले, बियाणें संपलें, माणसें गांव सोडून गेलीं, जमीन पडीक राहिली. आणि कांसानें ती व्यापली. पुढें पाऊस चांगला पडला तरी दुबळ्या बैलजोडीनें तें जाळें फोडतां येईना. कांसानें दुष्काळ आणला नाहीं. पण दुष्काळ सरल्यावरही कांसानें शेतकऱ्यास उभें राहूं दिलें नाहीं.

त्याच मुलखाशेजारीं जबलपूरकडील हवेली भागांत शेतांस उंच बांध घालून पावसाळाभर पाणी कोंडून ठेवण्याची व तें सोडून रब्बीचा गहूं पेरण्याची जुनी वहिवाट होती. दीर्घकाळ पाण्याखालीं राहिल्यानें तेथें कांसादि तणें दबून राहत. यंत्रावांचून केलेला हा शहाणपणाचा उपाय होय.

पुढें १९४७ च्या सुमारास हिंदुस्थान सरकारनें केंद्रीय ट्रॅक्टर संघटना काढून, युद्धानंतर उरलेल्या अमेरिकन ट्रॅक्टरांनीं ह्या जमिनी फोडण्यास आरंभ केला, आणि १९४९ सालीं जागतिक बँकेकडून एक कोटि डॉलरचें कर्ज ह्याच कामीं लागणाऱ्या यंत्रांसाठीं मंजूर झालें. एका गवतासाठीं देशानें परदेशाचें कर्ज काढावें, यावरून त्याच्या काशांची ताकद लक्षांत येईल.

ह्या गवताची दुसरी बाजूही न्यायानें सांगितली पाहिजे. कोइमतूर येथें १९१२ सालीं स्थापन झालेल्या ऊस-पैदास केंद्रांत डॉ. बार्बर व श्री. टी. एस. वेंकटरामन् यांनीं जाड उसाचा कांसाशीं संकर करून को. २०५ ही जात निर्माण केली. ती १९१८ सालीं लागवडीस देण्यांत आली. कांसाचा काटकपणा त्यामुळें उसांत उतरला. आज महाराष्ट्रांतील मळ्यामळ्यांत दिसणाऱ्या को. ८६०३२ ह्या उसाच्या अंगींही कांसाचा अंश आहे. बांधावर ज्यास आपण शत्रु म्हणतों, तोच मळ्यांत आपलें कर्ज फेडीत आहे.

७. ओळख पटल्यावर काय करावें

गवत बरू असेल तर त्याच्या काशा उथळ असल्यामुळें साध्या उन्हाळी नांगरटीनें त्या वर येतात. त्या वेचून जाळाव्या व बीं धरण्यापूर्वींच तुरे कापीत जावें. गवत कांस किंवा कुंदा असेल तर पुढील क्रम पाळावा.

(अ) नांगरट चैत्र-वैशाखांत, जमीन कोरडी असतांना, एक फुटाहून थोडी अधिक खोल, माती पलटणाऱ्या नांगरानें करावी. बैलजोडीनें हें साधत नाहीं. चारपांच शेजाऱ्यांनीं मिळून ट्रॅक्टर सांगावा म्हणजे खर्च झेपतो.

(आ) ढेकळें फोडण्याची घाई करूं नये. ढेकळांतील काशा कडक उन्हांत वाळल्या पाहिजेत. वर आलेल्या वेचून ढीग करून जाळाव्या. बांधावर किंवा नाल्यांत टाकूं नयेत.

(इ) पहिला पाऊस पडल्यानंतर कांसाच्या शेतांत रोटाव्हेटर मुळींच घालूं नये. माझ्या एका शेजाऱ्यानें तें केलें. काशांचे वीतवीतभर तुकडे ओल्या मातींत सर्व शेतभर पसरले, आणि कोपऱ्यांत होता तो कांस पुढील वर्षीं शेतभर झाला. त्यानें पैसे देऊन कांसाची लागवडच केली म्हणावयाची.

(ई) नंतर फुटणारे कोंब वीतभर होतांच पुन्हां पुन्हां कापावे. प्रत्येक फुटव्यासाठीं काशींतील सांठा खर्च होतो. पानांनीं तो परत भरण्यापूर्वीं कापलें तरच काशी थकते. महिन्यानें कापणें व न कापणें सारखेंच.

(उ) पहिल्या हंगामांत तागासारखें दाट सावली धरणारें पीक घ्यावें.

(ऊ) तणनाशकांपैकीं ग्लायफोसेट हें पानांतून काशांपर्यंत उतरणारें औषध आहे. त्याच्या वापरावर केंद्र सरकारनें २०२२ सालीं निर्बंध घातले. म्हणून तालुका कृषि अधिकाऱ्यास विचारल्यावांचून तें वापरूं नये.

एका नांगरटीनें कांस गेला असें कोणीही समजूं नये. तीन वर्षें नित्य वहिवाट व बांधाच्या कडेनें फिरती नजर, हाच त्याचा शेवट.

८. अभ्यासासाठीं

वाचकांनीं येत्या शरदांत पुढील गोष्टी स्वतः करून पाहाव्या. आपल्या शिवारांतील उंच गवतांचे तुरे आणून मुलांसह बोटांनीं तपासावे. रेशमी लव कोणत्यांत आहे, कुसळ कोणत्यांत आहे, हें वेगळें करावें. प्रत्येक गवताच्या पात्याची रुंदी बोटाशीं ताडून पाहावी. शेवटीं प्रत्येकाच्या बुडाशीं दीड फूट खणून काशा कोणत्या खोलीवर आहेत तें मोजावें व वहींत लिहून ठेवावें.

माझ्या वहींत त्या नाल्याकडील पट्टीपुढें आतां "पूर्वेस कांस, मध्यें बरू, बांधाशीं कुंदा" अशी नोंद आहे. मधल्या भागांत गेल्या दोन सालांपासून तूर उभी आहे. पूर्वेकडील कांसाशीं झगडा अजून चालू आहे. ह्या वैशाखांत त्याची दुसरी नांगरट व्हावयाची आहे. उताऱ्यावर सरकार काय लिहील तें लिहो. आपल्या वहींत मात्र आपण गवताचें नांव लिहावें, कारण नांव कळल्याखेरीज नांगर किती खोल घालावा हें कळत नाहीं.